आत चेपलेली टाकी

१

गुरुदत्त कर्णिकांचं विमान खाडीत पडलं तेव्हा ओहोटी होती, म्हणून ते बुडालं नाही. चिखलावर पोट टेकून ते घसरत गेलं आणि जुन्या मिठागराच्या बांधावर त्याचा डावा पंख आपटला. तेवढा बांध आडवा आला नसता तर कर्णिकसाहेब चिखल झटकत चालत बाहेर आले असते, असं डोंबिवलीच्या काठावरची माणसं अजून सांगतात.

विमान दोन माणसांचं, पंख्याचं, जुनं. आत एकटे गुरुदत्तच होते. माशांची जाळी धूत बसलेल्या बायकांनी वर इंजिन खोकताना ऐकलं. मग आवाज बंद झाला. "पेट्रोल संपलं असेल," जो तो म्हणाला. पण टाकी तर जवळजवळ भरलेली निघाली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शालन कर्णिकने मंदाकिनी टिपणीसांना बोलावून घेतलं. दोघी नौपाड्यातल्या एकाच शाळेतल्या, एकाच बाकावरच्या. मंदाकिनीबाईंचं सगळं आयुष्य विमा कंपनीसाठी ठोकरलेल्या गाड्या तपासण्यात गेलं होतं. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, तरी रस्त्यात चेपलेलं मडगार्ड दिसलं की त्यांची मान आपोआप वळायची.

शालनने चहा पुढे केला आणि स्वतः घेतलाच नाही.

"कान्हाने कबूल केलंय, मंदा. पेट्रोलची नळी सैल राहिली म्हणतो. सोमवारी चौकशीचे साहेब त्याचा जबाब घेणार, आणि मग पोलीस त्याला आत टाकणार."

कान्हा भोईर म्हणजे विमानाचा मेकॅनिक. खाडीकाठचा कोळ्याचा पोरगा. बापाच्या होडीच्या इंजिनावर हात बसवून घेतला, पुढे रीतसर शिकला. कर्णिकांच्या स्वयंपाकघरात पाट मांडून जेवलेला.

"मग आता मी काय शोधू?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"तो खोटं बोलतोय."

"कशावरून?"

"अगं, हे म्हणायचे, कान्हाने आवळलेला नट सोडवायचा तर कान्हालाच बोलवावं लागतं." शालन हातातल्या चमच्याकडे बघत राहिली. "त्याने केलं असेल तर जाऊ दे त्याला तुरुंगात, मी रडणार नाही. पण नसेल केलं आणि मी गप्प बसले, तर ते पाप मला नाही गं पेलणार. आधीच एक पेलतेय."

"कसलं?"

"त्या दिवशी मीच म्हटलं, जायचं तर लवकर जा आणि जेवायच्या आत या. एरवी विमानाभोवती दहा फेऱ्या मारून, सगळं चाचपून मग चढायचे. त्या दिवशी घाईत गेले."

२

कल्याणच्या पलीकडे माळावर एक खासगी धावपट्टी आहे आणि तिच्या कडेला पत्र्याची शेड. तपासणीचे लोक फोटो काढून गेले होते. विमानाचा सांगाडा तिथेच ताडपत्रीखाली ठेवलेला होता आणि राखणीला तानाजी नावाचा हवालदार होता. अपघाताच्या दिवशी खाडीवर पहिल्यांदा पोचलेला पोलीसही तोच.

"बाई, तुम्हाला काय त्यातलं कळणार?" तो म्हणाला, पण खुर्ची दिली.

"मलाही तेच बघायचंय," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि चष्मा पुसून वाकल्या.

पेट्रोलची टाकी वैमानिकाच्या समोर, काचेच्या पुढे, विमानाच्या नाकात होती. नाकाचा बाहेरचा पत्रा शाबूत. चिखलाचे डाग होते, पोचा एकही नव्हता. पत्रा उचलला, आणि मंदाकिनीबाई हात तसाच धरून राहिल्या. आतली टाकी चारी बाजूंनी आत गेलेली. म्हाताऱ्या माणसाने कवळी काढल्यावर गाल बसतात ना, तशी.

बाहेरून मार लागला असता तर आधी बाहेरचा पत्रा चेपला असता.

त्यांनी नळी बघितली. चांगली घट्ट होती. आवळपट्टीवरची धूळसुद्धा हललेली नव्हती, म्हणजे त्या नळीला अलीकडे कोणी हातच लावला नव्हता.

"तानाजीराव, त्या दिवशी टाकीचं झाकण कोणी उघडलं?"

"कान्हाने. तो मोटारसायकल टाकून पळत आला. साहेबांना तोवर लोकांनी बाहेर काढलेलं. कान्हाने झाकण फिरवलं आणि फुस्स असा आवाज झाला. आम्ही सगळे मागे पळालो, म्हटलं आता भडका उडतोय. हा मात्र झाकण हातात घेऊन बघतच बसला. मग खाली उतरला, खाडीच्या पाण्यात झाकण धुतलं आणि परत लावलं."

"धुतलं? तेव्हा?"

"मला वाटलं, धक्का बसलाय पोराला. माणूस काहीपण करतो."

झाकण जागेवरच होतं. त्याच्या मधोमध एक बारीक भोक. आतल्या बाजूने, भोकाच्या कडेला, काळपट धाग्याचा एक तुकडा चिकटून राहिला होता. मंदाकिनीबाईंनी तो नखाने काढून हातरुमालावर घेतला आणि नाकाशी नेला. वास ओळखीचा होता. कुठला ते मात्र आठवेना. नाव ओठांवर येऊन अडकावं तसं झालं.

कान्हा शेडच्या मागच्या बाजूला उकिडवा बसला होता. दाढी वाढलेली. उठून उभा राहिला, पण मान वर केली नाही.

"नळी सैल होती म्हणतोस," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मग पेट्रोल गळून गेलं असेल."

"हो."

"आणि टाकी भरलेली कशी राहिली?"

कान्हा शेडच्या पत्र्यावरचा गंज नखाने खरवडायला लागला.

"झाकण का धुतलंस रे?"

त्याने पहिल्यांदा वर बघितलं. डोळ्यांत भीती होती, पण ती स्वतःसाठी नव्हती. एवढ्या वर्षांत खोटं बोलणारे ड्रायव्हर मंदाकिनीबाईंनी पुष्कळ पाहिले होते. स्वतःला वाचवणारा माणूस डावीकडे उजवीकडे बघतो. दुसऱ्याला वाचवणारा सरळ बघतो.

"मावशी, माझं नाव लिहून टाका ना," तो म्हणाला. "कशाला खोदत बसताय?"

३

विमान उडवणारा दुसरा माणूस म्हणजे गुरुदत्तांचा पुतण्या ऋतुराज. माजिवड्याला एका उंच इमारतीत त्याचं घर होतं, खाली हायवेची घरघर. त्याने दार उघडलं आणि मंदाकिनीबाईंना बसा म्हणायच्या आधीच म्हणाला, "काकूने पाठवलं ना? तिला कळलं का?"

"काय कळलं?"

तो सोफ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं दाबून धरलं.

"अपघाताच्या आधीच्या आठवड्यात मी विमान घेऊन गेलेलो. परत आलो तेव्हा उशीर झालेला. नाकावर ताडपत्री घालायची असते, शेडचं छप्पर गळतं. मी नाही घातली, मावशी. कंटाळा केला. काकाने विचारलं तर सरळ म्हटलं, घातलेली. मग तो मोठा पाऊस झाला ना, दसऱ्याच्या मागेपुढे? काकाला पेट्रोलमध्ये पाण्याचे थेंब सापडले. पाणी शिरतंय कुठून म्हणून तो हैराण. मला माहीत होतं, तरी बोललो नाही. पाण्यानेच इंजिन बंद पडलं असणार. मीच मारलं त्याला."

"पाणी सापडल्यावर काय केलं?"

"कान्हाने सगळं पेट्रोल काढलं, टाकी कोरडी केली, नवीन भरलं. अपघाताच्या आदल्या दिवशी. पण त्या रात्रीही पाऊस होता, ताडपत्री नव्हती, आणि छप्पर तर गळतच होतं ना."

"आता टाकीतल्या पेट्रोलमध्ये पाणी निघालं?"

ऋतुराजने डोक्यावरचे हात काढले. "नाही. तपासणीवाले म्हणाले, एक थेंब नाही. मला वाटलं, ते मला बरं वाटावं म्हणून म्हणतात."

"तपासणीवाले कोणाला बरं वाटावं म्हणून काही म्हणत नाहीत, बाळा."

एक गोष्ट मात्र मंदाकिनीबाईंच्या मनात रुतून बसली. छप्पर गळत होतं, ताडपत्री नव्हती, आदल्या रात्रीही पाऊस झाला होता. मग पाणी या वेळी आत का गेलं नाही?

उठताना त्यांनी सहज विचारलं, "शेडवर अजून कोण असतं रे?"

"कोणी नाही. कान्हाचा बाप बसतो राखणीला. काळुरामदादा. खाडीत मासळी राहिली नाही, होडी बसली घरी. म्हणून काकानेच ठेवलं त्यांना."

४

काळुराम भोईर घराच्या मागे, खाडीच्या काठावर, पालथ्या होडीपाशी बसला होता. बाजूला चुलीवर डबा, डब्यात काहीतरी काळं रटरटत होतं. वारा फिरला आणि तो वास मंदाकिनीबाईंच्या अंगावर आला. साठ वर्षं मागे गेल्यासारखं झालं त्यांना.

चेंदणीचं बंदर. वडिलांचं बोट धरून संध्याकाळी तिथे जायचं. ओळीने ओढून ठेवलेल्या होड्या, आणि कोळी फळ्यांच्या फटींत कापसाची वात ठोकून वरून राळ आणि तेल लावताहेत. "हे काय करतात, बाबा?" "पाण्याला घरात येऊ देत नाहीत." तेव्हा खाडीचं पाणी असं स्वच्छ होतं की निवट्या मासळ्या उड्या मारताना दिसायच्या. डोंबिवलीचे कारखाने अजून यायचे होते.

राळ. रुमालातला तो तुकडा राळेत भिजलेल्या कापसाचा होता.

"बसा, बाय," काळुराम म्हणाला. त्याने पाट पुढे सरकवला. हात कोपरापर्यंत काळे. पण घराच्या खांबाला खुंटीवर पांढराशुभ्र सदरा लावलेला, इस्त्रीचा.

"लग्नाबिग्नाला जायचंय वाटतं, दादा?"

"सोमवारी एके ठिकानी जायचा हाय."

तो पुन्हा कामाला लागला. मंदाकिनीबाई बघत राहिल्या. फट चांगली भरलेली होती, पक्की, गुळगुळीत. काळुरामने ती अणकुचीदार सळईने उकरली, जुनी वात ओढून काढली, नवी ठोकली. मग पुढची फट. तीही आधीच भरलेली होती. ती पण उकरली.

"होडी पाण्यात कधी घालणार?"

"नाय घालायची."

"मग कशाला एवढं?"

"हात रिकामा ठेवला की मन लई बोलतं, बाय." त्याने तोंडातली तंबाखू या गालातून त्या गालात घेतली. "इमान कशानं पडला? कलला का तुमाला?"

"अजून नाही."

"कलला की मना आधी सांगा. पोराला नंतर."

५

मंदाकिनीबाई परत शेडवर गेल्या. कान्हा तिथेच होता. त्यांनी त्याच्यासमोर हातरुमाल उलगडला. कान्हाने तो तुकडा बघितला आणि भिंतीला टेकला.

"घरी तेलाचा पत्र्याचा डबा आणतो ना आपण," मंदाकिनीबाई म्हणाल्या, "त्याला भोकं किती पाडतो?"

"दोन," तो पुटपुटला.

"एक तेल बाहेर यायला, एक हवा आत जायला. दुसरं नाही पाडलं तर तेल थोडं येतं, मग अडतं. डबा नवा आणि पातळ असला तर आतसुद्धा ओढला जातो. तुझ्या टाकीच्या झाकणाला ते हवेचं भोक होतं. पावसाचं पाणी तिथूनच शिरत होतं. कोणीतरी ते भोक बुजवलं. आतल्या बाजूने, कापूस आणि राळ घालून, इतकं सफाईने की बघणाऱ्याला कळू नये. पाणी बंद झालं. हवाही बंद झाली. इंजिन पेट्रोल ओढत राहिलं, टाकी आत चेपत गेली, आणि खाडीवर आल्यावर पेट्रोल यायचं थांबलं. तू झाकण उघडलंस तेव्हा फुस्स झालं ते बाहेर येणारं पेट्रोल नव्हतं. आत शिरणारी हवा होती."

कान्हा खाली बसला.

"मी झाकण उलटं केलं आणि मला दिसलं," तो म्हणाला. "मावशी, प्रत्येकाची वात ठोकायची पद्धत वेगळी असते. बाबा शेवटी अंगठा फिरवतो. राळेवर त्याचा अंगठा होता. मी काढलं ते, खाडीत टाकलं."

"त्याला ठाऊक आहे?"

"नाही. ठाऊक झालं तर तो त्याच खाडीत जाईल. कर्णिकसाहेब म्हणजे देव होता त्याचा." त्याने नाक पुसलं. "आणि मी काय खोटं नाय बोलत हां पूर्ण. सकाळी भोकात तार घालून बघायचं माझं काम होतं. साहेब घाईत होते, मी म्हटलं, कालच तर टाकी साफ केलीय. नाय बघितलं. मग गुन्हा माझाच ना?"

"तुझ्या वाट्याचा तुझा. दुसऱ्याचा उचलायचा नाही." मंदाकिनीबाईंनी रुमालाची घडी घातली. "पण एक सांग. विमानाला हात न लावणारा तुझा बाप आदल्या दिवशी टाकीपाशी गेलाच कसा? कोणी सांगितलं त्याला?"

कान्हा उठून जायला लागला.

"कान्हा."

"फोन आलेला शेडवर. मी पेट्रोल भरून हात धुवायला गेलेलो, बाबाने उचलला." तो जमिनीकडे बघून बोलत होता. "मी आलो तर म्हणाला, होडीत पानी शिरतंय म्हनून निरोप हाय, बघतो मी. मला वाटलं, आमच्या होडीचं बोलतोय. साहेब विमानाला लाडाने होडी म्हणायचे ना. बाबा राखणीला लागला तेव्हा म्हणालेले, काळुराम, घाबरायचं काय, ही पण होडीच, वाऱ्यातली. तू तिचा तांडेल, होडी सांभाळणारा."

"फोन कोणाचा होता?"

"मावशी, ते नका विचारू."

मंदाकिनीबाईंना मग विचारावं लागलंच नाही; विमानाला होडी म्हणणारं घर एकच होतं. नौपाड्यातला तो न घेतलेला चहा त्यांच्या डोळ्यांसमोर आला.

६

रस्ताभर त्या ठरवत होत्या, सांगायचं की नाही. रिक्षा नौपाड्यात शिरली तरी ठरलं नव्हतं. सांगितलं नाही तर एक निर्दोष पोरगा तुरुंगात जाणार होता. सांगितलं तर शालन उरलेलं आयुष्य एका वाक्याबरोबर काढणार होती. शेवटी त्यांनी तिच्याच शब्दांची आठवण ठेवली. गप्प बसण्याचं पाप नको, असं तीच म्हणाली होती.

त्यांनी सगळं सांगितलं, तेलाच्या डब्यापासून. फोनपाशी आल्या तेव्हा शालननेच हात वर केला.

"थांब. मला आठवतंय." ती खिडकीकडे बघत होती. "आदल्या दिवशी हे आंघोळीला गेले होते. म्हणाले, कान्हाला फोन लावून सांग, पाणी कुठून शिरतंय ते पुन्हा एकदा बघ. फोन काळुरामदादांनी घेतला. मी म्हटलं, दादा, यांच्या होडीत पाणी शिरतंय म्हणतात, तेवढं बघा हं. कान्हाला सांगा असं म्हणायचं राहूनच गेलं. मी हसत म्हटलं, मंदा. हसत."

 खालून भाजीवाल्याची हाळी आली आणि गेली.

"होडीत पाणी शिरतंय असं तांडेलाला सांगितल्यावर," शालन म्हणाली, "तो दुसरं काय करणार गं?"

मग ती उठली आणि चपला शोधायला लागली. "चल. काळुरामदादांना मी सांगणार. पोलिसाच्या तोंडून नको."

खाडीवर पोचल्या तेव्हा भरती लागली होती. काळुराम होडीपाशीच होता. शालनला बघून तो उभा राहिला, हात सदऱ्याला पुसायला गेला आणि सदरा अंगात नाही हे लक्षात येऊन तसाच थांबला. मागून कान्हा आला. त्याला मंदाकिनीबाईंनीच फोन केला होता.

शालन त्याच पाटावर बसली.

"दादा, होडीला भोक असू नये," ती म्हणाली. "पण विमानाच्या टाकीला ते लागतं. मला हे माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. तुम्हाला निरोप दिला मी."

"काकू," कान्हा पुढे झाला.

"तू गप राव रं," काळुराम म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. तो हळूहळू खाली बसला. "मना म्हाईत हाय, बाय. त्या दिशी पोरगा घरी आला नि माज्या हाताकडं बघत ऱ्हायला. तोंडाकडं नाय, हाताकडं. तवाच कलला. रात्री त्याच्या नखांना राळेचा वास व्हता. माज्या हातची राळ मना कलनार नाय?"

कान्हा त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"मंग बोलला का नाहीस, बाबा?"

"तू बापाला वाचवतोस नि बापानं लगेच वरडायचा, नाय, मीच केला? एवढे दिस तुजा मान ठेवला." त्याने खुंटीकडे मान केली. "सोमवारी मी जानार व्हतो सायबाकडं. सदरा इस्त्री करून ठेवलाय."

मंदाकिनीबाईंनी त्या पांढऱ्या सदऱ्याकडे बघितलं. लग्न म्हणून विचारलं होतं आपण, त्यांना वाटलं, आणि त्या दुसरीकडे बघायला लागल्या.

"सगळेच जाऊ," शालन म्हणाली. "कान्हा, तू नळीचं खोटं मागे घ्यायचंस. भोक बघितलं नाहीस, तेवढंच सांगायचं. ऋतुराजने ताडपत्रीचं सांगायचं. आणि माझा निरोप सगळ्यांच्या आधी लिहून घ्यायला लावायचा, कारण सुरुवात तिथून झाली."

"निरोप तुमचा असंल, बाय," काळुराम म्हणाला. "पन हात माजा."

 शालनने पदराने तोंड पुसलं. मग होडीच्या फळीवर तळवा ठेवला आणि तिथे नुकतीच भरलेली, अजून गरम असलेली फट हलकेच चाचपली.

"दादा, पाणी मात्र शिरलं नाही हं," ती म्हणाली. "त्यांना तेवढंच हवं होतं. एक थेंब नाही शिरला."

काळुरामने सळई उचलली. पुढची फट उकरायला टोक लावलं, थोडा वेळ तसंच धरलं, आणि मग ती खाली ठेवून दिली. भरतीचं पाणी काठावर चढत होतं. कान्हा चुलीपाशी गेला आणि रटरटणारा डबा उतरवून ठेवला.